जिभेवर रेती ठेवणारा माणूस

क्रशर चालू असताना माणसाच्या तोंडाचा काही उपयोग नसतो. लोखंडी जबडा दगड चावायला लागला की शेजारी उभ्या असलेल्याचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खाणीवर आम्ही सगळे हातांनी बोलतो. कपाळावर हात मारला म्हणजे पट्टा तुटला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं म्हणजे डंपर आला, शर्टाची कॉलर ताठ केली म्हणजे कुणीतरी सरकारी साहेब आले. आणि मूठ वळून कानाशी नेली, बोटं जराशी चोळली, की हमीदभाई. आमच्या धंद्यात ही खूण दुसऱ्या कुणाचीच नव्हती. त्या सकाळी माझा ऑपरेटर महादू वरच्या जाळीवरून उतरला आणि त्यानं मूठ कानाशी नेली. मला वाटलं, हमीदभाई आलेत. मी खुशीत चहाची खूण केली. महादूनं मान हलवली. पुन्हा मूठ कानाशी, आणि मग ती मूठ हळूच उघडली… रिकामी. मला कळलं होतं, तरी मी त्याला पुन्हा करून दाखवायला लावलं. मग मशीन बंद करायला सांगितलं. डोंगर एकदम एवढा शांत झाला, की खालच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ वर ऐकू यायला लागला.

हमीदभाई परकार हे आमच्या खडी आणि रेती उत्पादकांच्या मंडळाचे अध्यक्ष. इतकी वर्षं अध्यक्ष, की नवीन पोरांना ‘अध्यक्ष’ हे त्यांचं आडनाव वाटायचं. गेले तेही स्वतःच्या पद्धतीनं. सकाळची नमाज पढले, बायकोला म्हणाले चहा टाक, आणि चहा उकळेपर्यंत निघून गेले. रेती चाखतानाचा वेळ सोडला, तर त्यांना कुणाला ताटकळत ठेवणं कधी जमलंच नाही. ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा तिच्या वर कुणाचं तरी गुलाबाचं ‘शुभ सकाळ’ होतं आणि खाली ‘चालू कंडिशनमधला डंपर विकणे आहे’. हमीदभाईंनी ते वाचलं असतं तर गुलाबाचं जाऊ द्या, डंपरचं मॉडेल आधी विचारलं असतं.

दफन त्यांच्या गावी, पनवेलच्या खाडीकाठी झालं. तिथं बायका जात नाहीत, म्हणून जे पुढं सांगते ते आमचे पोपटराव यांच्याकडून ऐकलेलं. पोपटराव म्हणजे तळोजाच्या बाजूचे मोठे क्रशरवाले, मूळचे सातारा जिल्ह्यातले, आवाज असा की क्रशरशेजारीसुद्धा ऐकू यावा. ते म्हणाले, “ताई, समद्यांनी मुठी-मुठीनं माती टाकायची व्हती. मी मूठ भरली, आन् काय झालं कळलंच न्हाई, मूठ कानाला लावली की वो! लाज वाटली. इकडंतिकडं बघितलं तर आपले सगळेच उभे, मुठी कानाला लावून! मौलवी बघाय लागले, ह्यांना काय टेलिफोन आला का काय.” रेती चांगली की वाईट हे बघण्याची ही आमची जुनी रीत. मूठभर घ्यायची, कानाशी नेऊन चोळायची. स्वच्छ रेती करकरते. गाळ असला की मुकी राहते. हमीदभाईंनी आम्हा सगळ्यांना ही सवय अशी लावली होती, की त्यांना निरोप देतानाही कुणाचा हात सरळ खाली गेला नाही.

माझी आणि त्यांची ओळख माझे वडील गेल्यानंतरची. वडील साताऱ्याहून दगड फोडायला आले आणि पुढं तुर्भ्याच्या डोंगराकडं एका छोट्या खाणीचे मालक झाले. मी बँकेत नोकरीला होते. वडिलांच्या मागं खाण विकून टाकायची असं घरात सगळ्यांचं ठरलं, फक्त माझं ठरलं नाही. नोकरी सोडली आणि मंडळाच्या पहिल्या मीटिंगला इस्त्रीची साडी नेसून वाशीच्या ऑफिसात गेले. आत सगळे पुरुष. एकानं फार अदबीनं विचारलं, “मॅडम, कर्जाच्या वसुलीसाठी आलात का?” दोघंजण तर मागच्या दाराकडं सरकलेसुद्धा. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “अरे ती शिंद्यांची बाय हाय. दगडाची मालकीन! उठा, पंख्याखालची खुर्ची सोडा.” पांढरी टोपी, पांढरी दाढी, आणि डोळ्यांत शाळकरी पोराचा वात्रटपणा. मी बसल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, माझ्या तळहातावर चिमूटभर रेती ठेवली आणि म्हणाले, “जिभेवर ठेव.” मी भर मीटिंगमध्ये, इस्त्रीच्या साडीत, रेती खाल्ली.

“खारट?”

“हो.”

“मग ही भिंतीत गेली तर भिंतीला लोणा लागनार. कितीबी रंग मार, पापुद्रे सुटनार. परत धुवायला पाठवायची. शिकलीस. आता चूळ भर आनि चहा घे.”

खाडीची रेती खाऱ्या पाण्यातून येते. ती गोड्या पाण्यानं नीट धुतली गेली की नाही, हे जुने रेतीवाले जिभेवर ठेवूनच सांगत. हमीदभाईंची जीभ त्यात नावाजलेली. त्यांचे वडील होडीवाले. हमीदभाई तरुणपणी स्वतः खाडीत बुडी मारून तळातली रेती बादलीनं वर काढायचे, होडी भरायची, ओहोटी लागायच्या आत काठाला आणायची. ते सांगत, की इतकी वर्षं खाडी नाकातोंडात गेली आहे, ती मला फसवणार नाही. बिल्डरांची माणसं साइटवरून पुड्या पाठवायची. हमीदभाई चाखायचे, डोळे मिटायचे, वर पंख्याकडं बघायचे, समोरच्याला पुरेसा घाम फुटू द्यायचे आणि मग निकाल सांगायचे. एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं. एकदा मी तसं विचारलं तर म्हणाले, “बाय, लगेच सांगितलं तर लोकांना वाटतं सोपं हाय.”

लोक मला विचारतात, तुमचं ते मंडळ करतं तरी काय? शाली वाटता का एकमेकांना? शाली वाटतो, नाही कशाला म्हणू. पण आमच्या डोंगराच्या पायथ्याला जी वस्ती आहे तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. पूर्वी प्रत्येक खाणवाला आपल्या सोयीनं सुरुंग उडवायचा. सकाळी हा, दुपारी तो, संध्याकाळी तिसरा. खाली बायकांच्या मांडणीवरची भांडी दिवसभर नाचायची आणि तान्ही पोरं दचकून उठायची. हमीदभाई रेतीवाले, त्यांना सुरुंगाशी काय देणंघेणं? पण त्यांनी एकेका खाणमालकाच्या घरी जाऊन, प्रत्येकाकडं जेवून, सगळ्यांना एका वेळेवर आणलं. सगळ्या डोंगरानं दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एकाच भोंग्यावर, लाल बावटे लावून सुरुंग उडवायचे. बस्स, दिवसाला एकदाच. बायकांना कळलं, की भोंगा झाला की भांडी खाली उतरवायची, पोराला कडेवर घ्यायचं, धडाम झालं की भांडी परत वर. डंपरला ताडपत्री, रस्त्यावर पाण्याचा टँकर, पाण्यात बुड्या मारून मारून कान गेलेल्या म्हाताऱ्या रेतीवाल्यांसाठी दरवर्षी तपासणी आणि औषधं… हे सगळं मंडळाचं. एकटादुकटा मालक यातलं काही करत नाही. शेजारचा करतोय म्हटल्यावर मात्र करतो, आणि शेजारच्यापेक्षा मोठी ताडपत्री आणतो.

ऑफिसची खोली वाशीत, एपीएमसी मार्केटच्या अंगाला, एका कांदेवाल्याच्या वर. खाली कांद्याची निवड चालू असली की सालपटांची धूळ जिन्यातून वर यायची आणि आमच्या डोळ्यांना धारा लागायच्या. जागा बदला, असं आम्ही किती वेळा म्हटलं. हमीदभाई ऐकायचे नाहीत. त्यामागचं कारण मला फार उशिरा समजलं. एकदा परवान्यांचं काम अडलं होतं, आणि त्या खात्याचे एक नवीन अधिकारी आमचं म्हणणं ऐकायला स्वतः येतो म्हणाले. हमीदभाईंनी त्यांना बरोबर निवडीच्या दिवशी बोलावलं. साहेब वर आले तर खोलीत पंधरावीस धट्टेकट्टे क्रशरवाले ओळीनं बसून घळाघळा रडताहेत. पोपटराव तर हुंदके देत होते, कारण त्यांना धूळ सगळ्यात जास्त बाधायची. हमीदभाई रुमालानं डोळे टिपत शांतपणे म्हणाले, “साहेब, बोलायला तोंड नाय आमाला. तुमीच बघा.” थोड्या वेळानं साहेबांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी जाताना जिन्यात हमीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. कागद पुढच्याच आठवड्यात हलले. आता ते कांद्यानं हलले की त्यांचा नंबरच आला होता, मला विचारू नका.

अशा या मंडळात भांडण आलं ते क्रशरच्या वाळूवरून. खाडीतून रेती काढण्यावर बंधनं आली, परवाने मिळेनासे झाले, होड्या काठाला उलट्या पडल्या. इमारती तर बांधायच्याच होत्या. मग आम्ही क्रशरवाल्यांनी नवीन मशीनं आणली आणि दगड बारीक दळून त्याचीच वाळू करायला लागलो. ती खपायलाही लागली. रेतीवाले चिडले. “ती काय वाळू हाय? दगडाचा भुगा! पावडर लावून नवरी होते काय?” असं म्हणायला लागले. आणि आमचे पोपटराव म्हणायला लागले, “आमचा डोंगूर, आमची मशीन, आमची वाळू. ह्यांच्या होड्या बंद पडल्या, तर त्यांचं वझं आमी का वाहायचं? क्रशरवाल्यांचं मंडळ येगळं करूया.” बोलता बोलता हे इतकं वाढलं, की चहा पितानाही रेतीवाले खिडकीच्या बाजूला आणि खडीवाले दाराच्या बाजूला बसायला लागले. मला दोन्हीकडून बोलावणं असायचं, म्हणून मी मधल्या टेबलावर बसून दोन्हीकडची बिस्किटं खायचे.

हमीदभाईंचा मात्र जीव वरखाली व्हायचा. क्रशरवाले संख्येनं जास्त, तेच निघून गेले तर मंडळात उरणार कोण? थोडेसे रेतीवाले, तेही बिनकामाचे. त्यांच्या बाजूनं बोलायला माणूस उरणार नाही, आणि कान गेलेल्या त्या म्हाताऱ्यांच्या औषधांचं तर नावच नको. ते प्रत्येकाच्या हातापाया पडले. “अरे, स्लॅबमध्ये खडी आनि रेती जन्मभर एकमेकांच्या अंगावर झोपतात, तुमाला ऑफिसात मांडीला मांडी लावून बसायला काय होतं?” लोक हसायचे आणि पुन्हा आपापल्या बाजूला जाऊन बसायचे.

वार्षिक सभेत पोपटरावांनी ठराव आणला. हॉल भरलेला. रेतीवाल्यांमधला एकजण उठला आणि तावातावानं म्हणाला, की जा, खुशाल वेगळे व्हा, तुमचा भुगा आणि आमची रेती एका पंगतीत बसायच्या लायकीची नाहीच. पोपटराव उसळले, “भुगा म्हंतोस? डोळं बांधून जिभंवर ठिव, तुझ्या बापाला फरक कळायचा न्हाई!” तो रेतीवाला म्हणाला, “बापाला कशाला, हमीदभाय सांगतील! एका चाटनात!” आणि बघता बघता पैज लागली. हमीदभाईंचे डोळे बांधायचे, हात पाठीमागं. दोन वाट्या, एकीत खाडीची धुतलेली रेती, दुसरीत क्रशरची वाळू. त्यांनी बरोबर ओळखलं, तर दोन्ही माल वेगळे, म्हणून मंडळंही वेगळी. नाही ओळखता आलं तर माल एक आणि मंडळही एक. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवून हे मान्य केलं.

आता जरा थांबा आणि बघा काय झालं ते. मंडळ फुटलं तर ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान, ते रेतीवाले ओरडताहेत की हमीदभाई जिंकणारच. आणि ज्यांना वेगळं व्हायचंय ते पोपटराव छातीठोकपणे सांगताहेत की फरक कळणारच नाही. दोघंही आपापल्या मालाच्या प्रेमापोटी स्वतःच्याच विरुद्ध पैज लावून बसले होते. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं होत असेल असं मला वाटत नाही. माझ्या हे ध्यानात आलं आणि मी हमीदभाईंकडं बघितलं. ते सतरंजीकडं बघत होते. मग हळूच उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “बाय, तू ये. तुजा हात दोन्हीकडं चालतो. बाकी कोनावर भरोसा नाय.”

डोळे बांधायला काही सापडेना, तेव्हा पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल मी त्यांच्या डोळ्यांवरून गुंडाळली. असे ते पाठीमागं हात बांधून उभे राहिले, नवरदेव आणि कैदी यांच्या मधलं काहीतरी. मी चहाच्या चमच्यानं आधी क्रशरची वाळू त्यांच्या जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. जबडा सावकाश हलला. मान वर गेली, पंख्याकडं. मला त्यांचा हा सगळा नाटकी वेळकाढूपणा पाठ होता, तरी मीही पंख्याकडं बघायला लागले.

“ही,” ते म्हणाले, “आमच्या खाडीची. गोड्या पान्यानं झकास धुतलेली.”

रेतीवाल्यांच्या बाजूनं असा आवाज आला, जसा भरलेल्या टायरमधून खिळा काढल्यावर येतो. मी त्यांना चूळ भरायला पाणी दिलं आणि दुसऱ्या वाटीतली, खरी खाडीची रेती ठेवली. पुन्हा जबडा. पुन्हा पंखा. या वेळी आणखी जास्त वेळ…

“आनि ही पन.”

पोपटराव खुर्चीवर चढले. अक्षरशः चढले! “बगा! बगा! खाडीची म्हनले! भाय सोता म्हनले आमच्या वाळूला खाडीची!” क्रशरवाल्यांनी एकच जल्लोष केला. हमीदभाईंनी शाल सोडली, नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पोपटराव, मुबारक. मला इतक्या वर्षांत फरक कळला नाय, तर भिंतीला कुठून कळनार? माल एक ठरला. आता खाली उतरा, आनि मंडळ एकच हाय असं लिहून घ्या.” पोपटरावांचे हात वरच राहिले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. “आयला,” ते म्हणाले, “मी जिंकलो का हरलो?” हॉल असा हसला, की वाढपी पुऱ्या सोडून बघायला आले. त्या हसण्यातच ठराव बुडाला. जेवायच्या पंगतीत कोण कुठं बसलंय ते कुणी बघितलं नाही.

पण ही गंमत हमीदभाईंना महागात पडली. रेतीवाल्यांनी त्यांना माफ केलं नाही. आपलाच माणूस भर सभेत आपल्या रेतीला आणि दगडाच्या भुग्याला एका मापानं मोजतो! “भायची जीभ गेली,” असं ते म्हणायला लागले, आधी पाठीमागं, मग तोंडावर. साइटवरून पुड्या येणं बंद झालं. ज्या माणसाच्या डोळे मिटण्यावर बिल्डरांचा घाम निघायचा, त्याला कुणी चिमूटभर रेती चाखायला देईना. ते स्वतः मात्र मजेत. कुणी चिडवलं तर जीभ बाहेर काढून दाखवायचे, “गेली कुठं? ही काय, हाय की जागेवर!” मला आपली खात्री होती, की त्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं. एकदा ऑफिसचा जिना उतरताना मी विचारलंही, “हमीदभाई, खरं सांगा. तुम्हाला कळलं होतं ना, पहिली कुठली आणि दुसरी कुठली?” ते म्हणाले, “बाय, तू शाल फार घट्ट बांधली व्हतीस. कानसुद्धा बंद झाले.” आणि पुढं उतरून गेले.

परवा त्यांच्या घरी गेले होते. भाभी इद्दतीत आहेत, म्हणजे नवरा गेल्यानंतरचे ते महिने घराबाहेर पडत नाहीत आणि परक्या पुरुषांसमोर येत नाहीत. त्यामुळं मंडळातर्फे जाऊन बसायचं काम माझ्याकडं, आणि बसायला जागा थेट स्वयंपाकघरात. भाभी छोट्याशा, गोऱ्यापान, आणि हमीदभाईंपेक्षा एक गुंज जास्तच वात्रट. मी पैजेची गोष्ट काढली. म्हटलं, भाभी, काय माणूस! सगळं ओळखून, साळसूदपणे खोटं बोलले, सगळ्यांसमोर. भाभी भाजी निवडत होत्या. हात थांबला.

“ओळखून? कशानं ओळखनार गो? त्यांना चव कुठं व्हती?”

भाभींनी सांगितलं ते असं. पैजेच्या बऱ्याच आधी हमीदभाईंना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. खारट, गोड, तिखट, सगळं सारखंच. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. घरात भाभींनाही नाही. एक दिवस भाभी कालवणात मीठ घालायचं विसरल्या आणि हमीदभाई बोटं चाटत म्हणाले, “वा, आज काय कालवण झालंय!” तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पुढं मुद्दाम बघितलं. मीठ दुप्पट घातलं, तरी “वा!” पुड्या येत होत्या तेव्हा ते जिभेवर ठेवायचे ते नुसतं दाखवायला. खरा निकाल मुठीनं आणि कानानं लागायचा, कारण नीट न धुतलेल्या रेतीत खारासोबत गाळही राहतोच, आणि लोक त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडं बघत बसायचे. पैजेत तर हात बांधलेले. मला आशा सोडवेना. म्हटलं, “पण भाभी, दातांनी कळलं असेल ना? क्रशरचा दाणा टोकदार असतो, खाडीचा गोल…”

“दात?” भाभी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “अगो, कवळी व्हती ती! वरची पन नि खालची पन! सभेवरून आले तर कवळीत रेती अडकलेली, मी ब्रश घेऊन काढत बसले.”

म्हणजे माझ्यासमोर उभ्या त्या माणसाकडं डोळे नव्हते, हात नव्हते, चव नव्हती आणि दातसुद्धा नव्हते. पहिली कुठली आणि दुसरी कुठली, याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडं बघत होतो! काय म्हणायचं ते मात्र ते घरूनच ठरवून आले होते. भाभी म्हणाल्या, सभेत कुणी ना कुणी रेती चाखायची पैज काढणार, हे त्यांनी आदल्या दिवशीच ताडलं होतं. भाभींनी सांगितलं, नका जाऊ, इतक्या वर्षांचं नाव धुळीला मिळेल. तर टोपी झटकत म्हणाले, “जीभ तर गेलेलीच हाय. निदान कामाला लागून जाऊं दे.”

आम्ही दोघी हसत होतो. भाभी हसता हसता मधेच डोळे पुसत होत्या, आणि तिथं खाली कांदेवाला नव्हता. मग त्यांनी मला ताट वाढलं. भाकरी आणि खाडीच्या कोळंबीचं लालभडक कालवण. मी पहिला घास तोंडात घेतला आणि त्याच वेळी भाभींनी विचारलं, “आता ते गेले. खरं सांग, येगळे होनार काय गो तुमी?” मला खरं काय ते ठाऊक नव्हतं. येत्या रविवारी नवा अध्यक्ष निवडायचाय. पोपटराव सध्या गप्प आहेत, आणि पोपटराव गप्प असले की मला धास्ती वाटते. रेतीवाले पुन्हा खिडकीपाशी बसायला लागलेत. मी घास गिळला आणि म्हटलं, “छे हो भाभी. कुणी वेगळं होत नाही. मंडळ एकच राहणार.”

भाभी माझ्याकडं बघत होत्या. “नि कालवण कसं झालंय? मीठ बरोबर हाय?”

“वा, अगदी बरोबर!”

“मीठ नाय त्यात,” भाभी म्हणाल्या. “त्यांना प्रेशर व्हतं. त्यांना कळत नाय हे मला कळलं, तवापासून मी मीठ घालायचंच सोडलं. डॉक्टर खूश, ते खूश. आता हात जातच नाय मिठाच्या बरनीकडं.” मग ती बरणी फळीवरून काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली, आणखी एक पळी कालवण वाढलं आणि म्हणाल्या, “रवीवारी अध्यक्ष तूच हो.”